ग्रहांच्या छायाचित्राखाली ते कसे टिपले, हेही छापावे

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

शुक्र आणि गुरू यांची युती असो, चंद्रकोरीशेजारी आलेला मंगळ असो की संध्याकाळच्या आकाशात एकाच वेळी दिसणारे चार-पाच ग्रह असोत, अशा घटनेची बातमी आली की तिच्यासोबत छायाचित्र येतेच, आणि त्यात खाली डोंगर, तळे, एखादे एकटे झाड किंवा जुनी वास्तू आणि वर आकाशात ग्रह अशी मांडणी बहुधा असते. ही मांडणी मला अतिशय प्रिय आहे, कारण अनेक वर्षे मी स्वतः याच प्रकारची छायाचित्रे काढत आले आहे. परंतु अलीकडे प्रसिद्ध होणाऱ्या अशा छायाचित्रांपैकी काहींमध्ये गुरूचे पट्टे आणि शनीची कडी झाडाच्या शेंड्याहून मोठ्या आकारात दिसतात आणि खाली 'ग्रहांचे विलोभनीय दर्शन' अशा धाटणीची एखादी ओळ असते. ते दृश्य कॅमेऱ्याने टिपलेले आहे, अनेक छायाचित्रे जोडून केलेले आहे की संगणकावर रचलेले आहे, हे वाचकाला त्या ओळीवरून कळू शकत नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी विनंती अशी की, भूदृश्यावरच्या ग्रहांचे छायाचित्र छापताना ते केव्हा, कोठून आणि कसे टिपले, याची माहिती त्याखाली न चुकता द्यावी.

ही मागणी का करावी लागते, ते आकड्यांवरून लवकर ध्यानात येईल. पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण अर्ध्या अंशाएवढा, म्हणजे ३० कलांचा किंवा १८०० विकलांचा दिसतो. गुरू पृथ्वीच्या जवळात जवळ असतानाही ५० विकलांच्या आसपासच राहतो. शनीची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली तरी साधारण ४५ विकला भरतात. मंगळ अगदी जवळ आला तर २५ विकलांपर्यंत पोहोचतो आणि एरवी बराच काळ तो १० विकलांहूनही लहान असतो. शुक्र तेवढा ६० विकलांच्या पुढे जातो, पण तेव्हा तो बारीक कोरीच्या रूपात आणि सूर्याच्या इतका जवळ असतो की त्याला संधिप्रकाशातच गाठावे लागते. थोडक्यात, चंद्राच्या एका रुंदीत गुरूसारखे सुमारे चाळीस ग्रह ओळीने मावतील.

यावर कोणी म्हणेल की, टेलिफोटो लेन्सने टिपलेला चंद्र एखाद्या मनोऱ्यामागे प्रचंड दिसतो, मग ग्रह तसा का दिसू नये? प्रश्न रास्त आहे आणि चंद्राचे ते छायाचित्र खरेच असते. एक किलोमीटरवरचे ९ मीटर उंचीचे झाड आणि त्यामागचा चंद्र हे दोन्ही आपल्या डोळ्याला सारख्याच उंचीचे दिसतात आणि लेन्स त्या दोघांनाही सारख्याच पटीत मोठे करते. हाच हिशेब ४५ विकलांच्या गुरूला लावला, तर ते झाड आणि गुरू सारखे दिसावेत म्हणून छायाचित्रकाराला झाडापासून सुमारे ४१ किलोमीटर दूर जावे लागेल. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस गुरूएवढा दिसायचा, तर तो ८ किलोमीटरवर उभा हवा. इतक्या अंतरावरून, जमिनीलगतच्या थरथरत्या हवेतून, त्या माणसाचे हातपाय ओळखू येण्याचीही आशा नको. तेव्हा हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशेजारी त्याच्या डोक्याएवढा आणि पट्ट्यांसकट गुरू दिसत असेल, तर ते दृश्य कोणत्याही लेन्समधून एका क्षणी दिसलेले नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

भूदृश्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या वाइड अँगल लेन्सच्या बाबतीत तर शंकेलाही जागा नाही. २४ मिलिमीटरची लेन्स आणि ६ मायक्रॉनचे पिक्सेल असलेला कॅमेरा घेतला, तर एका पिक्सेलमध्ये आकाशाचा सुमारे ५० विकलांचा तुकडा येतो, म्हणजे अख्खा गुरू एका पिक्सेलमध्ये संपतो. प्रत्यक्ष छायाचित्रात तो चार-सहा पिक्सेलवर पसरलेला दिसतो, तो लेन्सच्या मर्यादांमुळे, हवेमुळे आणि प्रखर प्रकाश सेन्सरवर सांडल्यामुळे. त्याच कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरची लेन्स लावली की गुरू सात-आठ पिक्सेल रुंद होतो. त्यात पट्टे दिसत नाहीत, पण गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून पाहिलेले गुरूचे चार मोठे चंद्र बारीक ठिपक्यांच्या रूपात त्याच्या दोन्ही बाजूंना वेगळे ओळखता येतात. खाली ओळखीच्या डोंगराची कड आणि वर तो चंद्रांसह गुरू, हे दृश्य मला रचलेल्या कोणत्याही महाकाय ग्रहापेक्षा अधिक थक्क करते.

येथे आणखी एक बारकावा सांगणे आवश्यक आहे, कारण सद्हेतूने पाठवलेल्या छायाचित्रांतही त्यामुळे गैरसमज होतो. अंधारात कॅमेऱ्याचा ऑटोफोकस बहुतेक वेळा चाचपडतो, म्हणून आम्ही मागच्या पडद्यावर ग्रह दहापट मोठा करून लेन्सचे कडे हाताने फिरवतो. फोकस सुटलेला असतो तेव्हा ग्रह पडद्यावर एका मोठ्या, मऊ, गोल चकतीसारखा दिसतो. कडे अगदी केसभर फिरवत नेले की ती चकती आक्रसत जाते, तिच्या काठावरची जांभळी किंवा हिरवी झाक कमी होते आणि एका ठिकाणी ती टाचणीच्या टोकाएवढी होते. तेथून कडे किंचित पुढे गेले की चकती पुन्हा फुगू लागते. नवख्या माणसाला ती फुगलेली चकती म्हणजेच ग्रहाचे बिंब वाटते, आणि कॅमेरा थोडा हलला असेल तर त्यात त्याला कडीही दिसू लागते. खरा, नीट फोकस झालेला ग्रह वाइड अँगलच्या छायाचित्रात सर्वांत लहान असतो. म्हणूनच ज्या छायाचित्रात ग्रह लहान दिसतो ते काढणाऱ्याचे काम कच्चे, असा समज संपादकीय विभागाने करून घेऊ नये. बहुधा उलटेच असते.

फुगवलेल्या ग्रहांचे दुष्परिणाम आपण पूर्वी पाहिलेले आहेत. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता आणि जवळपास ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आलेला नव्हता. दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून पाहिला तर तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल, असे एक विधान तेव्हा पसरले आणि ते बरोबर होते. पुढे त्यातील दुर्बिणीचा भाग गळला, आणि 'मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा निरोप त्यानंतर अनेक वर्षे ऑगस्ट आला की नव्याने फिरत राहिला. त्यासोबत दोन सारख्या गोळ्यांची चित्रे फिरत राहिली. त्या चित्रांवर विश्वास ठेवून मुलांना घेऊन गच्चीवर गेलेल्या माणसाला वर एक तांबूस ठिपका दिसतो, आणि तो ठिपका म्हणजे प्रत्यक्ष दुसरे जग आहे हे त्याला कोणी सांगण्याआधीच त्याची निराशा झालेली असते. पुढच्या वेळी तो वर पाहत नाही. खोट्या छायाचित्राने होणारे हे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते.

याउलट २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी एकमेकांपासून केवळ ६ कलांवर, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या सुमारे पाचव्या हिश्श्यावर आले होते. इतके जवळ ते त्याआधी १६२३ साली आले होते, पण तेव्हा ते सूर्याच्या फार जवळ असल्याने ती युती पाहणे दुरापास्त होते. २०२० मधील त्या संध्याकाळी जगभरातून टिपलेल्या प्रामाणिक छायाचित्रांमध्ये डोंगरांच्या, छपरांच्या आणि झाडांच्या वर एकमेकांना खेटून असलेले दोन तेजस्वी ठिपके आहेत, आणि त्या घटनेचे मोल जाणण्यासाठी त्यांना फुगवण्याची गरज कोणाला भासली नाही.

असे खरे छायाचित्र मिळवणे किती विचाराचे काम आहे, हे वाचकांपर्यंत पोहोचले तर त्या लहान ठिपक्यांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. सगळा प्रश्न प्रकाशाच्या तोलाचा आहे. सूर्य मावळल्यानंतर लगेच आकाश इतके उजळ असते की शुक्राशिवाय दुसरा ग्रह उठून दिसत नाही. पूर्ण अंधार झाला की ग्रह झळकतात, पण खालचे भूदृश्य काळ्या आकृतीपलीकडे काही उरत नाही, आणि पश्चिमेकडचा ग्रह तोवर क्षितिजाकडे झुकलेला असतो. या दोहोंच्या मध्ये, सूर्य क्षितिजाखाली साधारण ६ ते १२ अंश असतो तेव्हा, आकाशाचा निळा रंग, जमिनीवरचा उरलासुरला उजेड आणि ग्रहांचे तेज यांचा मेळ जमतो. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात हा काळ अर्ध्या तासाच्या आतबाहेर असतो आणि ध्रुवांकडे जावे तसा लांबत जातो. त्या अवधीतही दर काही मिनिटांनी एक्स्पोजर बदलावे लागते. सुरुवातीला सेकंदाचा काही अंश पुरतो, शेवटी आठ-दहा सेकंद लागतात, आणि चंद्रकोर सोबत असेल तर तिचा उजळ भाग जळू न देता तिच्या काळोख्या भागावरचा मंद पृथ्वीप्रकाश (पृथ्वीवरून परावर्तित होऊन चंद्रावर पडलेला उजेड) टिपायचा, ही वेगळीच कसरत असते.

शटर वाटेल तितका वेळ उघडा ठेवता येत नाही, कारण पृथ्वी फिरते आणि आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकते. लेन्सच्या फोकल लेंथने ५०० ला भागले की किती सेकंद थांबता येईल याचा ढोबळ अंदाज मिळतो. २४ मिलिमीटरला तो सुमारे २० सेकंद येतो आणि २०० मिलिमीटरला अडीच सेकंद. आजच्या बारीक पिक्सेलच्या कॅमेऱ्यांवर मी त्याच्या निम्म्यावरच थांबते, नाहीतर ग्रहाच्या ठिपक्याची छोटी रेघ होते. आकाशासोबत फिरणारे ट्रॅकर यंत्र लावले तर ग्रह आणि तारे स्थिर राहतात, पण मग जमीन पुसट होते. दोन्ही स्थिर ठेवायचे तर दोन छायाचित्रे काढून जोडण्याशिवाय गत्यंतर नसते.

स्थळाची निवड तर कित्येक दिवस आधी सुरू होते. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधी जात नाही आणि शुक्र ४७ अंशांच्या पुढे जात नाही. त्यातही ते अंतर क्षितिजावर उभे चढते की आडवे पसरते, हे ऋतूवर आणि स्थळाच्या अक्षांशावर ठरते. त्यामुळे तेच इनांतर, म्हणजे सूर्यापासूनचे तेच कोनीय अंतर, असूनही बुध एका ऋतूत डोंगरावर सहज दिसतो आणि दुसऱ्या ऋतूत डोंगरामागेच राहतो. स्टेलॅरियमसारख्या मोफत संगणकप्रणालीत तारीख आणि स्थळ टाकून ग्रह कोणत्या दिशेला, किती अंशांवर असेल ते आधी पाहता येते. मग ती दिशा नकाशावर आखून, त्या रेषेत आपल्याला हवी ती टेकडी किंवा तो घुमट येईल अशी जागा शोधायची असते. घुमटाच्या कळसावर नेमका शुक्र आलेला दिसतो तेव्हा तो योगायोग नसतो. छायाचित्रकार काही पावले डावीकडे उभा असता तर शुक्र कळसावरून सरकला असता. ही पावले टाकण्यातले कौशल्य एका क्लिकने चिकटवलेल्या ग्रहाशेजारी छापले जाते आणि दोन्हींना सारखीच ओळ मिळते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझा विरोध जोडछायाचित्रांना, म्हणजे कंपोझिटला नाही, हे स्पष्ट करायला हवे. एकाच जागी, ट्रायपॉड न हलवता, त्याच लेन्सने काही मिनिटांच्या अंतराने एक छायाचित्र आकाशासाठी आणि एक जमिनीसाठी घेतले आणि ते जोडले, तर त्यातून माणसाने तेथे उभे राहून जे पाहिले तेच अधिक स्पष्ट दिसते. फोनचा नाइट मोड तर वापरणाऱ्याच्या नकळत अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करतोच. वक्री मंगळाने आकाशात काढलेली वळणदार वाट दाखवणारे छायाचित्र कित्येक महिन्यांच्या वेगवेगळ्या रात्री जोडूनच तयार होते, आणि ग्रहगती समजावून सांगणारी त्याच्याइतकी सुंदर दुसरी गोष्ट मला माहीत नाही. अशा कामाची पद्धत सांगितली की त्याचे मोल वाढते. सीमा ओलांडली जाते ती वेगळ्या लेन्सने वा दुर्बिणीने मोठा केलेला ग्रह वाइड अँगलच्या भूदृश्यावर चिकटवला जातो तेव्हा, किंवा दुसऱ्याच दिशेचे आणि दुसऱ्याच रात्रीचे आकाश डोंगरावर बसवले जाते तेव्हा. आता तर वर्णनाचे एक वाक्य लिहून कृत्रिम बुद्धिमत्तेकडून अख्खे दृश्य काढून घेता येते. त्यालाही चित्र म्हणून जागा द्यायला हरकत नाही, मात्र त्याखाली 'छायाचित्र' असे लिहू नये.

आपल्या विभागातील प्रत्येकाला खगोलशास्त्र यावे अशी माझी अपेक्षा नाही. बनावट चित्रे बहुतेक वेळा साध्या गोष्टींवर पकडली जातात. चंद्रकोरीची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते, त्यामुळे सूर्यास्ताच्या उजेडाकडे पाठ केलेली कोर दिसली तर शंका घ्यावी. चंद्राचा न दिसणारा भाग हाही घन गोलच असतो, म्हणून कोरीच्या पोकळीत तारा किंवा ग्रह असू शकत नाही. मध्यरात्री डोक्यावर आलेला शुक्र ही अशक्य गोष्ट आहे. तळ्याचे पाणी निश्चल असेल आणि त्यात डोंगराचे प्रतिबिंब दिसत असेल, तर त्याच्या वरच्या तेजस्वी ग्रहाचेही प्रतिबिंब योग्य जागी असायला हवे. ग्रह चिकटवणारे हे हमखास विसरतात. पाठवणाऱ्याकडे कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागितली, तर पुष्कळदा प्रश्न तेथेच मिटतो. ज्याने खरोखर थंडीत उभे राहून ते टिपले आहे, तो ती फाइल आनंदाने देतो आणि न विचारताही चार गोष्टी जास्त सांगतो.

बातमीच्या मजकुराबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे, कारण चित्र आणि मजकूर एकमेकांना फुगवत नेतात. 'ग्रहांची परेड' किंवा 'सहा ग्रह एका रेषेत' असे मथळे येतात तेव्हा सोबत एका सरळ रेषेत, समान अंतरावर, सारख्याच आकाराचे सहा गोल दाखवले जातात. ग्रह आकाशात साधारण एका ओळीत दिसतात, ते त्यांच्या कक्षा जवळजवळ एकाच प्रतलात असल्यामुळे. ते नेहमीच क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे आकाशातील सूर्याच्या वार्षिक भासमान वाटेच्या, आसपास असतात, मग दोन दिसोत की पाच. एकाच वेळी अधिक ग्रह क्षितिजाच्या वर असणे हा त्यातला लक्षात घेण्याजोगा भाग. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. युरेनस डोळ्यांच्या क्षमतेच्या काठावर होता आणि नेपच्यून दुर्बिणीशिवाय दिसणे शक्यच नव्हते. त्या काळात रुंद भूदृश्यावर घेतलेल्या खऱ्या छायाचित्रांत नेपच्यून येऊ शकतो, पण तो मागच्या शेकडो ताऱ्यांतला एक फिकट ठिपका असतो आणि बाण काढून दाखवल्याशिवाय सापडत नाही. अनेक छायाचित्रे आडवी जोडून केलेल्या विस्तृत दृश्यात ही ओळ कमानीसारखी वाकलेलीही दिसते. गोल आकाश सपाट चौकटीत मांडताना तसे होतेच, त्यात लबाडी नाही, परंतु एका वाक्यात ते सांगितले नाही तर वाचकाला आकाशात ग्रहांची कमान दिसेल असे वाटून बसते.

छापील पानाची अडचण मी जाणते. वर्तमानपत्राच्या कागदावर, छपाईच्या जाळीत, चार पिक्सेलचा गुरू हरवून जाऊ शकतो आणि मग 'यात ग्रह आहे कुठे?' असा प्रश्न येतो. त्यावर उपाय ग्रह मोठा करणे हा नाही. छायाचित्र थोडे रुंद छापावे, आकाशाचा भाग कापू नये, ग्रहाशेजारी बारीक अक्षरांत त्याचे नाव किंवा छोटी खूण द्यावी, आणि शक्य असेल तर मूळ छायाचित्र आपल्या संकेतस्थळावर पूर्ण आकारात ठेवावे. डोंगराच्या माथ्यावरचा एकटा पांढरा ठिपका धुळीचा कण समजून पुसला जाणार नाही, एवढी सूचना छायाचित्रे नीटनेटकी करणाऱ्यांना दिलेली असावी.

पद्धत सांगण्याची प्रथा जगात नवी नाही. नासाच्या सहकार्याने १६ जून १९९५ पासून रोज एक खगोलचित्र प्रसिद्ध होते आणि प्रत्येक चित्राखाली व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेले स्पष्टीकरण असते. जोडछायाचित्र असेल तर ते कसे जुळवले, हेही त्यात बहुधा सांगितलेले असते. 'द वर्ल्ड ॲट नाइट' हा २००७ साली सुरू झालेला उपक्रम तर पृथ्वीवरच्या स्थळांच्या वर दिसणाऱ्या आकाशाच्या छायाचित्रांसाठीच आहे आणि खऱ्या आकाशाचा त्याचा आग्रह सर्वश्रुत आहे. आपल्या दैनिकाला एवढे विस्तृत लिहिण्याची आवश्यकता नाही. 'शुक्र आणि गुरू, १ मार्च २०२३, सूर्यास्तानंतर ४५ मिनिटे, पश्चिम दिशा. ८५ मिलिमीटर लेन्स, २ सेकंद, एकच एक्स्पोजर' अशा स्वरूपाची ओळ पुरेशी आहे. त्या ओळीवरून शाळकरी मुलालाही कळते की, ४५ मिनिटांनी पश्चिमेकडे पाहिले असते तर हे आपल्यालाही दिसले असते. जोडछायाचित्र असेल तर शेवटचे दोन शब्द बदलून 'दोन एक्स्पोजर जोडून' असे लिहावे.

हे लिहिताना मला शहरातील वाचकांचा विशेष विचार होतो. आकाशगंगेची छायाचित्रे पाहून ते हळहळतात, कारण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशप्रदूषणाच्या जागतिक नकाशानुसार जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक प्रदूषित आकाशाखाली राहतात. तेजस्वी ग्रहांचे तसे नाही. शुक्र, गुरू, शनी आणि जवळ आलेला मंगळ भर वस्तीतल्या दिव्यांवर मात करून दिसतात, आणि खिडकीतून दिसणाऱ्या छपरांच्या रांगेवर, फोन कठड्याला टेकवून, टायमर लावून, त्यांचे छायाचित्र घेता येते. शुक्र आणि चंद्रकोर यांची जोडी तर अगदी साध्या फोननेही पदरात पडते. अशी छायाचित्रे वाचकांकडून मागवून ती वर सांगितलेल्या माहितीसह छापली, तर पुढच्या युतीच्या वेळी आपल्याकडे येणाऱ्या छायाचित्रांचा दर्जा आपोआप सुधारेल, आणि पाठवण्याआधी प्रत्येकजण वेळ, दिशा आणि पद्धत टिपून ठेवू लागेल.

शेवटची विनंती दुरुस्तीबाबत आहे. एखादे रचलेले चित्र खरे समजून छापले गेले आणि वाचकाने ते दाखवून दिले, तर खुलासा त्याच पानावर, त्या चित्राच्या लहान प्रतीसह आणि ते का शक्य नाही हे दोन वाक्यांत सांगून द्यावा. ग्रहांच्या बाबतीत ही दोन वाक्ये लिहिणे सोपे आहे, कारण त्यांची जागा आणि त्यांचा आकार कोणत्याही रात्रीसाठी आधीच मोजून ठेवलेला असतो आणि तो कोणालाही पडताळून पाहता येतो.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक वाचक आणि हौशी छायाचित्रकार